तिसऱ्या नावाच्या शोधात: पालघर, सफाळे, नवापूर

पालघरला जायचं ठरलं ते आमच्या कल्याणच्या स्वयंपाकघरात, आणि ठरवलं सासूबाईंनी. जिल्ह्याची निवड स्पर्धा त्या वर्षी पालघरला होती; कल्याण आणि पालघर तेव्हा एकाच जिल्ह्यात होती. मला भालाफेकीत उतरायचं होतं. ह्यांना कारखान्यातून रजा मिळेना, आणि सून तीन दिवस एकटी परगावी राहणार हे घरात कुणालाच पटत नव्हतं. मी पोळ्या लाटत होते. सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मी जाते तिच्याबरोबर. पण ही शेवटची खेप. पुढच्या वर्षीपासून घर बघायचं." मी हो म्हटलं.

माझ्या ओळखीतली मुलं हल्ली केळव्याला, तारापूरच्या किनाऱ्याला सहलीला जातात आणि मला फोटो पाठवतात. त्यांना वाटतं, आजींनी तो भाग पाहिलेला नाही. पाहिलाय, आणि बराचसा पायी. गोष्ट साठच्या दशकातली आहे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात चालू होतं. तुम्ही तिकडे जाणार असाल तर आता रस्ते चांगले आहेत, गाड्या भरपूर आहेत. आमच्या वेळी काय होतं तेवढं सांगते.

आम्ही निघालो एसटीनं. कल्याणहून भिवंडी, तिथे गाडी बदलायची, मग वाडा, मनोर आणि पालघर. भाला मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला होता, तरी त्याचा आकार काही लपत नव्हता. भिवंडीला कंडक्टरनं दारातच अडवलं.

"काय हाय ते?"

"भाला," मी म्हणाले.

ड्रायव्हर मागे वळला. "कुणाला मारायचाय, बाई?"

"अजून ठरवलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि आत चढून खिडकीशी बसल्या.

भाला टपावर गेला, लोकांच्या वळकट्यांबरोबर बांधला गेला. वाड्यापर्यंतचा रस्ता असा होता की प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, काठी मोडली. सासूबाईंना गाडी लागायची, म्हणून तोंडात आवळ्याची फोड धरून डोळे मिटून बसल्या होत्या. मनोरला गाडी बराच वेळ थांबली. तिथे चहा घ्यावा, भजी गरम असतील तरच घ्यावीत, हा सल्ला आजही द्यायला हरकत नाही. सासूबाईंनी वहाणा काढल्या तेव्हा पाहिलं, त्यांचे पाय सुजले होते. अजून तर आम्ही पोचलोही नव्हतो.

गाडी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "इथून निवडून कुठं जायचं असतं?"

मी सांगितलं: जिल्ह्यातून पहिल्या दोघी राज्याच्या चाचणीला, तिथून राष्ट्रीय स्पर्धेला. लग्नाआधी मी एकदा राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आले होते. स्पर्धा दरवर्षी नव्या शहरात भरायची. शाळांचे वर्ग रिकामे करून त्यांत आम्हाला उतरवायचे, बाकं भिंतीला लावून खाली वळकट्या. पुरुषांची भालाफेक असली की मैदानाच्या कडेला गर्दी व्हायची. सैन्यातले जवान धावत यायचे तेव्हा पायाखालची जमीन हलते की काय असं वाटायचं. बायकांची भालाफेक पुकारली की तीच गर्दी चहाला जायची. आमच्या आधी खेळलेल्या एक बाई सांगायच्या, सुरुवातीला कितीतरी राज्यांतून भालाफेकीला एकही बाई यायची नाही, आणि आलेल्या चार जणींची स्पर्धा दुपारच्या उन्हात उरकून टाकायचे. भाले बांबूचे नाहीतर लाकडी, मुठीला दोरी गुंडाळलेली. एखादीकडे परदेशातून आलेला धातूचा भाला असला की सगळ्या जणी त्याला हात लावून बघायच्या. नियम मात्र सगळ्यांना एकच. भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे. भाला आडवा पडला तर कितीही लांब गेलेला असो, ती फेक बाद.

"आणि बक्षीस काय?"

"पदक."

"सोन्याचं?"

"वरून मुलामा असतो."

"मग एवढं कशाला?" त्या म्हणाल्या. पालघर येईपर्यंत आम्ही दोघी बाहेरची ताडाची झाडं बघत बसलो.

स्पर्धा एका शाळेच्या मैदानावर होती. चुन्यानं रेषा आखायचं काम चाललं होतं. मुख्य पंच सामंत मास्तर म्हणून होते, गळ्यात शिट्टी, डोक्याला रुमाल. माझं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ताई, तुम्हाला कळवायला हवं होतं. बायकांची भालाफेक होणार नाही. तुमचं एकटीचंच नाव आलंय. तीन नावं नसली तर स्पर्धा धरत नाहीत."

"मी कल्याणहून आलेय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"दिसतंय मला. पण नियम वरचा आहे. परवा सकाळी भालाफेक आहे. तोवर आणखी दोघी आणा, मी आनंदानं नावं लिहितो. जिल्ह्यात राहणारी कुठलीही बाई चालेल."

स्टेशनजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. मी भाला भिंतीला टेकवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. दोन दिवसांत भाला फेकणाऱ्या दोन बायका कुठून आणायच्या? त्या काळी भाला हातात धरलेली बाई म्हणजे लोकांना देवीच्या तसबिरीतच ठाऊक. वाटलं, उद्याची पहिली गाडी धरावी आणि घरी जावं. सासूबाईंनाही तेच हवं असणार. त्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसल्या होत्या.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "त्या मास्तरांना विचारलंस का, अशा बायका इथं कुठं मिळतील म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. त्याच पावली मैदानावर परत गेले.

मास्तरांना एकच बाई आठवली. सफाळ्याच्या पलीकडे एका गावात शिक्षिका होत्या, मालतीबाई. कॉलेजात असताना भाला फेकायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही सफाळ्याला उतरलो. भाला बरोबर घेतला होता, कारण नुसत्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं सासूबाईंचं मत होतं. स्टेशनाबाहेर चार दुकानं, एक टांगा, तोही आधीच ठरलेला. मग चालत. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली, खळ्यांवर झोडणी चाललेली, अंगावर सगळा भुसा. जो भेटेल तो लुगड्यात गुंडाळलेली काठी देवाची समजून विचारायचा, "कंची पालखी हाय?" पहिल्यांदा मी समजावून सांगितलं. नंतर नुसती मान हलवायला लागले.

मालतीबाई दारातच भेटल्या. त्यांना बघितलं आणि काही विचारायची गरज उरली नाही. सातवा महिना असावा. तरी मी सगळं सांगितलं. त्यांनी भाला हातात घेतला, मूठ बरोबर जागी पकडली, खांद्यावर नेला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच खाली ठेवला.

"हात शिवशिवतात हो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आधी आला असतात तर धावत आले असते."

त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही घाटावरच्या, सासूबाई माळकरी, त्यांनी भाकरीबरोबर नुसता कांदा घेतला. मी मात्र चटणी दोनदा वाढून घेतली. त्या भागात गेलात तर ही जोडी सोडू नका. जेवताना मालतीबाईंना आठवलं, त्यांचे दीर तारापूरच्या बांधकामावर फिटर होते. त्यांचं बोट चिरलं तेव्हा पट्टी करणारी नर्स सांगत होती की ती अकोल्याला असताना भाला फेकायची. कमल नाव. आणखी काही माहिती नव्हती.

पुन्हा स्टेशन, पुन्हा गाडीची वाट. पालघर मागे टाकून बोईसरला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. बोईसर म्हणजे नुसती धूळ. ट्रकमागून ट्रक, सिमेंट, लोखंडी सळया, आणि स्टेशनाबाहेर मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडत होती. तारापूरची एसटी नुकतीच गेली होती. सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला उठवू नकोस."

पण त्यांनाच एका ट्रकवाल्यानं उठवलं. माल घेऊन तो बांधकामाकडे निघाला होता. "माताजी, कहाँ जाना है? बैठिए." सासूबाई जन्मात ट्रकमध्ये बसल्या नव्हत्या. पदर खोचून चढल्या. मी मागून भाला आत सरकवला.

"ये क्या है, माताजी?"

"भाला."

"किसके लिए?"

"तीन औरत के लिए," सासूबाई म्हणाल्या. "एकच है."

त्या बिचाऱ्यानं ट्रक सुरू केला.

दवाखाना पत्र्याचा होता, बाहेर मजुरांची रांग. सिस्टर कमल माझ्याच वयाच्या होत्या, उंच, हाताला आयोडिनचा वास. मी भाल्यावरचं लुगडं सोडलं आणि त्यांनी हातातला कापूस खालीच ठेवला.

"येते नं मी," त्या म्हणाल्या. अजून मी नीट विचारलंही नव्हतं. "हाताले विसर पडला असंन, पण येते. उद्या रविवार, माझी सुट्टी. तिसरी कोण आहे?"

"तिसरी नाही," मी म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच रडू येईलसं वाटलं, तेही काम अर्धं झाल्यावर.

कमलनं विचार केला. नवापूरची एक कोळीण मागे पायात काटा मोडला म्हणून आली होती. हिरा. माशांची भरलेली टोपली एका हातानं उचलून डोक्यावर घेते, असं सगळे सांगत. "तिला विचारून पाहा. भाला नसंन माहीत, पण ताकद आहे."

नवापूरपर्यंत आम्ही चालत गेलो. सासूबाई वहाणा हातात घेऊन वाळूतून चालत होत्या, त्यात पायांना बरं वाटतं म्हणाल्या. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. हिरा जाळं पसरून बसली होती. मी सगळं सांगितलं. ती हसली.

"मासं मारायचं हाय का यानं?"

"नाही. नुसतं लांब फेकायचं."

"आन मग?"

"मग जाऊन परत आणायचं."

तिला ते इतकं विचित्र वाटलं की तिनं बाजूच्या बायकांना हाक मारली. सगळ्यांसमोर तिनं भाला घेतला आणि फेकला. मी बघतच राहिले. भाला माझ्या सरावाच्या खुणेच्याही पुढे गेला, पण आडवा पडला. टोक आधी टेकायला हवं, हे मी दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं फेकला तो सरळ वाळूत रुतला आणि शेपूट थरथरत राहिलं. मनात आलं, उद्या ही मला हरवणार. आणि खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही. ती आली म्हणजे झालं.

"येन मी," हिरा म्हणाली. "पन एक सांगतं. आमच्या होड्या गेल्यात. उद्या सकाळच्या आत आल्या तं मी नाय. मासळी थांबत नाय कुनासाठी."

पालघरला परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चणे-कुरमुरे खाऊन आडव्या झालो.

रविवारी सकाळी मैदानावर बऱ्यापैकी लोक होते. कमल पहिल्या गाडीनं आली, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. एकटीच होती. मी तिच्या मागे बघत राहिले.

"होड्या पहाटेच लागल्या," कमल म्हणाली. "मी नवापूरवरूनच आले. हिरा पाण्यात उभी होती कमरेएवढ्या. मला बघून तिनं नुसता हात हलवला."

हिराला दोष द्यायचा प्रश्नच नव्हता. तिनं सांगितलं तसंच झालं होतं. मी मैदानाच्या कडेला मटकन खाली बसले. दोन दिवसांची पायपीट अंगात एकदम भरून आली. सामंत मास्तर आले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि शिट्टी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी पुरुषांची उरकून घेतो. तोवर बघा." कुठे बघणार होतो?

पुरुषांची भालाफेक संपली. लोक चहाच्या टपरीकडे निघाले. मास्तर कागद हातात घेऊन आमची नावं खोडायला वळले, तेव्हा सासूबाई उठल्या. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला होता, म्हणून मला वाटलं पाणी हवं असेल.

"माझं लिहा," त्या म्हणाल्या.

मास्तरांना कळलं नाही. "काय लिहू, माई?"

"तिसरं नाव. मी कल्याणला राहते. कल्याण याच जिल्ह्यात आहे ना?"

दुसरे एक तरुण पंच हसले. "आजी, हा काय हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे का?"

सासूबाई त्यांच्याकडे वळल्याही नाहीत. मास्तरांना म्हणाल्या, "वयाचं काही लिहिलंय का तुमच्या नियमात?"

मास्तरांनी खरंच कागद चाळला. "खालची मर्यादा आहे. वरची नाही." मग ते गंभीरपणे म्हणाले, "पण माई, नुसतं नाव चालणार नाही. तिघींचीही निदान एक फेक नियमात बसली पाहिजे, तरच स्पर्धा झाली असं वर कळवता येईल. प्रत्येकीला तीन संधी."

मी सासूबाईंना बाजूला घेतलं. "माई, नको. खांदा उखडेल. लोक हसतील. आपण घरी जाऊ."

"लोक हसू देत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "दोन दिवस मी या पायांवर हिंडले. सफाळं, बोईसर, ती वाळू. आता रिकाम्या हातानं घरी जाऊन लोकांना काय सांगू, स्पर्धाच झाली नाही म्हणून? टोक आधी टेकायचं ना? मग दाखव कसं धरायचं."

मी दाखवलं.

आधी कमलनं फेकला, पहिल्याच वेळी नीट बसला. मग मी. तीन फेकींतल्या दोन बाद झाल्या, एकदा रेषेवर पाय पडला. माझं लक्षच नव्हतं. एक फेक बसली, बरी गेली.

मग सासूबाई. नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, वहाणा काढून बाजूला ठेवल्या. चहाला गेलेली माणसं एकेक करत परत आली होती. पहिल्यांदा भाला हातातून सुटला आणि आडवा पडला. कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्यांदा त्या चालत चालत रेषेच्या पुढेच गेल्या. मास्तरांनी लाल निशाण वर केलं, पण ते करताना त्यांचं तोंड कडू झालं होतं.

"एकच राहिली, माई."

त्या रेषेपासून पाऊलभर मागे उभ्या राहिल्या. धावल्या नाहीत. काल हिरानं वाळूत नेला होता तसा हात मागे नेला आणि भाला लांब न टाकता वर टाकला. तो वर गेला, वळला आणि त्यांच्यापुढे थोड्याच अंतरावर नाक खाली करून जमिनीत घुसला. अंतर इतकं कमी होतं की मोजणाऱ्यांना फीत फारशी सोडावीच लागली नाही. मास्तरांनी पांढरं निशाण वर केलं. तो तरुण पंच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागला. कमल ओरडत होती. सासूबाईंनी कुणाकडे बघितलं नाही. वहाणा घातल्या, जाऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता पाणी दे."

मी पहिली आले, कमल दुसरी. सासूबाई तिसऱ्या. घरी जाताना एसटीत त्या पूर्ण रस्ता झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. माझा खांदा दुखत होता, पण मी हलले नाही.

राज्याच्या चाचणीला मी आणि कमल दोघी गेलो. कमल थोडक्यात राहिली. माझं नाव राष्ट्रीय स्पर्धेसाठी लागलं. तिथे मी पदकाच्या आसपासही नव्हते. उत्तरेकडच्या मुली माझ्या कितीतरी पुढे फेकत होत्या. त्यानंतर मी स्पर्धेला गेले नाही. घर होतं, मुलं झाली. शब्द दिला होता तोही होता. हळहळ वाटली का? वाटली, बरीच वर्षं. कमल बोईसरलाच स्थायिक झाली. पुढे ती बांधकामावरच्या लोकांच्या मुलींना रविवारी मैदानावर नेऊन भाला शिकवायची, हे तिनंच मला सांगितलं. त्या भागात जायचं माझं कारण शेवटपर्यंत तीच राहिली. किनारा वगैरे नंतर.

राष्ट्रीय स्पर्धेहून परत आले त्या दिवशी सासूबाई ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. मी वळकटी टाकली आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मी कितवी आले हे विचारलं नाही. माझ्या तोंडावर दिसतच असणार.

"किती बायका होत्या गं भालाफेकीला?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ," मी म्हणाले. "चांगली रांग लागली होती."

त्यांनी डोळे मिटले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाच्या सासूला उतरावं लागलं नाही."